छातीतली धडधड आणि टेबलावरचे डबे

हल्ली आपल्या मंडळींचं दुबईला जाणं-येणं फार वाढलं आहे. मुंबईहून तर विमानं पूर्वीपासूनच होती, नोव्हेंबर २०२० मध्ये तेल अवीवहूनही सरळ सुरू झाली. कुणाचा मुलगा तिथे नोकरीला, कुणाची नात. म्हातारी माणसं थंडीचे दोन-तीन महिने तिथे काढतात आणि परतताना पिशवीत डबे घेऊन येतात : मच्छीचं तेल, मॅग्नेशियम, लसणाच्या कॅप्सूल, को-क्यू-टेन, हळदीच्या गोळ्या. मुलं बिचारी मायेने घेऊन देतात. डब्यावर लाल बदाम छापलेला असतो, खाली लिहिलेलं असतं की हृदयाला उत्तम. मग आम्हाला फोन येतो, "सिस्टर, हे घेऊ ना? नैसर्गिकच आहे."

आमचा सगळा जन्म नर्सिंगमध्ये गेला. आम्ही डॉक्टर नव्हे, तेव्हा कुणाला गोळी सुरू करा किंवा बंद करा असं आम्ही सांगत नाही. पण डब्यातली गोळी आणि डॉक्टरांची गोळी एकाच पोटात जातात आणि तिथे त्यांची गाठ पडते, एवढं समजावून सांगणं आमचं काम आहे असं आम्हाला वाटतं. विशेषतः ज्यांच्या हृदयाचा ताल बिघडलेला आहे त्यांना.

आधी ताल म्हणजे काय ते पाहू. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात एक लहानसा पेशींचा पुंजका आहे. तो विजेचा बारीक झटका देतो आणि ठोका पडतो. हा पुंजका १९०७ साली कीथ आणि फ्लॅक या दोघांनी जगापुढे मांडला. फ्लॅक तेव्हा वैद्यकीचा विद्यार्थी होता आणि त्याला तो प्रथम चिचुंद्रीसारख्या एका बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या हृदयात सापडला! वरच्या कप्प्यांतून ही वीज मधल्या एका चौकीवर येते, तिथे क्षणभर थांबते आणि मग खालच्या कप्प्यांत जाते. विश्रांतीत असताना मिनिटाला ६० ते १०० ठोके, दिवसाला सुमारे एक लाख. विजेचं हे काम पोटॅशियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि कॅल्शियम या चार क्षारांच्या आत-बाहेर जाण्यावर चालतं. हे लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्यावरच आहे.

अधूनमधून एखादा ठोका आधी पडतो, मग थोडं थांबून पुढचा जोरात पडतो. आपण म्हणतो, "ठोका चुकला." हे बहुतेकांना होतं, चहा-कॉफी जास्त झाली, झोप नाही, काळजी आहे, तेव्हा जास्त. हृदय बाकी ठीक असेल तर त्याची भीती नको. दुसरा प्रकार म्हणजे एकदम धडधड सुरू होते, १५०-१८० ठोके, आणि बटण दाबल्यासारखी बंद होते. तरुणांतही दिसतो. यात डॉक्टर जोर लावून फुंकायला शिकवतात : दहा मिलीची सिरिंज तोंडात धरून तिचा दट्ट्या हलेल इतकं पंधरा सेकंद फुंकायचं आणि लगेच आडवं होऊन पाय वर धरायचे. २०१५ साली इंग्लंडात याचा अभ्यास झाला. बसूनच फुंकणाऱ्या शंभरांपैकी १७ जणांचा ताल जागेवर आला, तर आडवं करून पाय उचललेल्यांत ४३ जणांचा. फुकटचा उपचार! पण आपल्या डॉक्टरांनी तपासून शिकवला असेल तरच.

तिसरा प्रकार आमच्या वयाचा, आणि आमच्या मते सगळ्यांत लबाड. त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, थोडक्यात ए-फिब. वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. मधली चौकी काही झटके खाली सोडते, काही अडवते, म्हणून नाडीला कसलाच हिशोब राहत नाही. एक ठोका लवकर, एक उशिरा, एक जोरात, एक हलका. काहींना धाप लागते, थकवा येतो, काहींना काहीच कळत नाही. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली तर लकवा. ए-फिब असलेल्याला लकव्याचा धोका सुमारे पाचपट धरतात. म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी देतात. धडधड वाटत नाही म्हणून ती बंद करायची नसते.

हा फक्त म्हाताऱ्यांचा आजार, असंही कुणी समजू नये. २००९-१० साली अमिरातीसह सहा आखाती देशांतल्या इस्पितळांत ए-फिब घेऊन आलेल्या २०४३ रुग्णांची पाहणी झाली. त्यांचं सरासरी वय होतं ५७. युरोप-अमेरिकेतल्या अशा पाहण्यांत ते सत्तरीच्या आसपास असतं. तेव्हा दुबईला गेल्यावर आपल्या नाडीबरोबर मुलाचीही नाडी पाहावी.

आता तिथली हवा. दरवर्षी १५ जून ते १५ सप्टेंबर अमिरातीत दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला सरकारची बंदी असते, यावरून ऊन काय ते समजा. आपण एअर कंडिशनमध्ये बसतो, तहान लागत नाही, तरी पाणी कमी पडतंच. त्यात रक्तदाबासाठी लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल तर पोटॅशियम आणि मॅग्नेशियम तिकडून जातं. अ‍ॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचंही मॅग्नेशियम उतरतं. अमेरिकेच्या औषध खात्याने २०११ साली तशी सूचना काढली. म्हणून धडधड होते तेव्हा आधी रक्त तपासावं. कमी असेल तर डॉक्टर भरून काढतात, आणि तेव्हा त्या गोळीचा खरंच उपयोग होतो. कमी नसताना उगाच मॅग्नेशियम घेतलं तर पोट बिघडतं, आणि किडनी कमजोर असेल तर ते अंगात साठून रक्तदाब आणि नाडी दोन्ही खाली जातात.

त्याच्या उलट पोटॅशियमचं. हल्ली "लो सोडियम" मीठ मिळतं, बीपीवाल्यांना घरचे कौतुकाने आणून देतात. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. निरोगी माणसाला चालेल, चांगलंही असेल. पण किडनीचा त्रास असलेल्यांना, किंवा रामिप्रिल, लोसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन असल्या गोळ्या घेणाऱ्यांना, पोटॅशियम वाढून हृदय थांबण्यापर्यंत पाळी येऊ शकते. मिठालासुद्धा चिठ्ठी लागते ती अशी.

मच्छीच्या तेलाचं प्रकरण तर मोठं गमतीचं आहे. वर्षानुवर्षं सगळे सांगत होते की याने ताल सुधारतो. २०१८ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात शुद्ध केलेल्या तेलाचं औषध दिवसाला चार ग्रॅम दिलं होतं. हार्ट अटॅक कमी झाले हे खरं, पण ए-फिबसारख्या तालाच्या बिघाडाने इस्पितळात जावं लागलं ते शंभरात दोनऐवजी तिघांना. पुढच्या अभ्यासांतही तेच दिसलं, आणि डोस जितका जास्त तितका धोका जास्त. २०२३ मध्ये युरोपच्या औषध खात्याने तसा इशारा डॉक्टरांना पाठवला. म्हणजे ज्या आजाराला घाबरून आपण कॅप्सूल घ्यायची तोच ती कधीकधी वाढवते! ज्यांना ए-फिब होऊन गेलंय त्यांनी हा डबा डॉक्टरांना दाखवल्याशिवाय उघडू नये. मच्छी खाण्याला मात्र कुणाची ना नाही. देऱ्याच्या वॉटरफ्रंट मार्केटमध्ये बांगडा मिळतो, तारली मिळते. कॅप्सूलच्या पैशांत आठवड्याचं कालवण होईल.

देऱ्याला गेलो की मसाल्यांचा सूक पाहिल्याशिवाय आपलं कुणी परत येत नाही. गोणींतून केशर, दालचिनी, सुकी लिंबं, आणि काड्यांचे भारे. त्यांतल्या पिवळट गोडसर काड्या आपल्या ओळखीच्या, जेष्ठमध. घसा बसला की आजी चघळायला देत असे. अरब लोक तिला इर्कसूस म्हणतात आणि तिचं काळपट गार सरबत रमझानमध्ये उपास सोडताना आवडीने पितात. एखादी काडी चघळली, पेलाभर सरबत घेतलं, काही बिघडत नाही. रोज मात्र नको. जेष्ठमधातला गोड पदार्थ अंगात मीठ आणि पाणी धरून ठेवतो आणि पोटॅशियम बाहेर घालवतो. रक्तदाब चढतो, पायांना सूज येते, स्नायू ढिले पडतात आणि ताल बिघडतो. २०२० साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या एका ५४ वर्षांच्या माणसाची हकीगत डॉक्टरी मासिकात आली. तो काही आठवडे रोज दीड पाकीट जेष्ठमधाच्या काळ्या गोळ्या खात होता. त्याचं पोटॅशियम इतकं उतरलं की हृदय बंद पडलं आणि तो गेला. कोविडपासून घरोघर काढ्यांची सवय लागली आहे, आणि खोकल्याच्या कितीतरी चाटणांत जेष्ठमध असतो. लघवीची गोळी किंवा डिगॉक्सिन घेणाऱ्यांनी पाकिटावरची नावं चष्मा लावून वाचावी. पोटॅशियम उतरलं की डिगॉक्सिन नेहमीच्याच डोसमध्ये विषासारखं वागतं.

डिगॉक्सिनही झाडातूनच आलं आहे बरं का. विदरिंग नावाच्या इंग्रज डॉक्टरने १७८५ साली त्या झाडावर पुस्तक लिहिलं. आपल्या पिवळ्या कण्हेरीत त्याच जातीचं विष असतं. ए-फिबवरची अमिओडारोन ही गोळीसुद्धा इजिप्तकडच्या खिल्ला नावाच्या वनस्पतीचा अभ्यास करता करता निघाली. तेव्हा झाडपाल्यात ताकद नाही असं आम्ही मुळीच म्हणत नाही. ताकद आहे म्हणूनच माप लागतं. तापावर घरात ठेवलेल्या त्रिभुवनकीर्तीत बचनाग असतो. तो शुद्ध करून, मोजून घालतात. वैद्यांनी सांगितलं तेवढंच घ्यावं. बचनागाचं प्रमाण चुकलं तर खालच्या कप्प्यांचा ताल असा सुटतो की आय.सी.यू.मध्येही आवरणं कठीण. अर्जुनाच्या सालीवर आपल्याकडे काम झालंय, पण ती ए-फिबच्या गोळीची जागा घेते असं कुणी दाखवलेलं नाही. शिवाय अर्जुनारिष्टात आंबवल्यामुळे थोडी दारू असते.

रक्त पातळ करणाऱ्या गोळीचं वेगळं सांगायला हवं. जुनी वॉर्फरिन ही अमेरिकेत सडलेला चारा खाऊन गाई रक्तस्रावाने मेल्या त्या शोधातून निघाली, आधी उंदीर मारायला वापरली, आणि १९५५ साली अध्यक्ष आयझेनहॉवरना हार्ट अटॅकनंतर तीच दिली. ती घेणाऱ्यांनी पालक-मेथी सोडायची गरज नाही, रोज सारखीच खावी म्हणजे आय.एन.आर. हलत नाही. को-क्यू-टेनने हिचा जोर कमी होऊ शकतो. गिंको, लसूण आणि हळदीच्या कॅप्सूल यांनी रक्त जाण्याची भीती वाढते. फोडणीतला लसूण आणि वरणातली हळद यात येत नाही. अपिक्साबान, रिव्हारोक्साबान या नव्या गोळ्यांना आय.एन.आर. लागत नाही, म्हणून लोक निर्धास्त होतात. पण उदासीवर मिळणारं सेंट जॉन्स वर्ट त्यांचाही जोर मारतं, आणि मनाने घेतलेली अ‍ॅस्पिरिन रक्तस्राव वाढवते. ग्रेपफ्रूट आणि त्याचं भावंड पपनस काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढवतात, अमिओडारोन आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या त्यांत आल्या. एनर्जी ड्रिंकबद्दल आमचं मत विचारू नका. अमिरातीने २०१७ साली त्यावर शंभर टक्के कर बसवला तेव्हा आम्हाला आनंदच झाला.

आणि एक, जे दुकानदार कधी सांगत नाही. केस-नखांच्या गोळ्यांत बायोटिन पुष्कळ असतं. छातीत दुखतं म्हणून इस्पितळात ट्रोपोनिनची तपासणी करतात, तर काही यंत्रांवर या बायोटिनमुळे आकडा खोटा कमी येतो आणि हार्ट अटॅक नजरेतून सुटू शकतो. कॅज्युअल्टीत विचारलं नाही तरी आपणहून सांगा.

जाताना नेहमीची औषधं मूळ पाकिटात न्या, डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत आणि औषधाच्या मूळ नावाने लिहून घ्या. झोपेच्या, दुखण्याच्या काही गोळ्यांना अमिरातीच्या सरकारची आगाऊ परवानगी लागते. खसखस बिलकूल नको, तिथे ती बंदीत आहे, लाडवांतलीसुद्धा. टेबलावरचे सगळे डबे एका पिशवीत भरून डॉक्टरांपुढे ओता, नावं तोंडी सांगायला जाऊ नका.

नाडी पाहायची ती अशी : पाच मिनिटं शांत बसा, अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटं ठेवा, घड्याळ लावून पुरं एक मिनिट मोजा. आकडा लिहा आणि शेजारी "सारखी" किंवा "वेडीवाकडी" असं लिहा. वेडीवाकडी आली तर त्या आठवड्यातच ई.सी.जी. काढून घ्या. धडधडीबरोबर चक्कर येऊन पडलात, छातीत दुखलं, धाप लागली, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर मुलगा ऑफिसातून येण्याची वाट पाहायची नाही. अमिरातीत अ‍ॅम्ब्युलन्सचा नंबर ९९८, इस्रायलमध्ये १०१, महाराष्ट्रात १०८. फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवा.