पुडीचा हिशेब आणि चुलीतली राख



गटाच्या बैठकीत "महिन्याची बचत शंभरावरून दोनशे करूया का?" असं विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं, "आणायचे कुठून?" प्रश्न खराच आहे. या वेळी त्याचं उत्तर आपण घरातल्या केरात शोधूया. हसू नका. केरात काय पडलंय ते नीट बघितलं की पैसा कुठून गेला ते कळतं.

घरात दोन लेकरं आहेत, आणि दोघांना रोज पाच-पाच रुपयांची वेफर्सची किंवा चटपटीत खाऊची पुडी लागते, असं धरा. दिवसाचे १० रुपये, महिन्याचे ३००, वर्षाचे ३,६००. आणि गटातली आपली बचत महिना १०० प्रमाणे वर्षाला १,२००. म्हणजे पुडी आपल्या गटाच्या तिप्पट पैसे घेऊन जाते, आणि व्याज तर सोडाच, मुद्दलही परत देत नाही!

पाच रुपयांची पुडी वर्षानुवर्षं पाचालाच कशी मिळते, याचा कधी विचार केलाय? किंमत तीच ठेवतात आणि आतलं वजन कमी करतात. पुडीच्या मागे बारीक अक्षरांत 'निव्वळ वजन' लिहिलेलं असतं. ते लेकीला वाचायला सांगा. समजा २० ग्रॅम निघालं, तर किलोला २५० रुपये पडले. मग दुकानात फुटाण्यांचा आणि शेंगदाण्यांचा भाव विचारा आणि काय घ्यायचं ते ठरवा. मात्र प्रत्येक पुडी महागच असते असं नाही. शाम्पूची एक-दोन रुपयांची पुडी कधीकधी बाटलीपेक्षा स्वस्त पडते. म्हणून कुणी सांगितलं म्हणून नको, वजन आणि भाव ताडून बघूनच ठरवा.

शाम्पूची असो नाहीतर खाऊची, पुडी रिकामी झाली की दुसरा त्रास सुरू होतो. ती एकाच पदार्थाची नसते. प्लॅस्टिकचे पातळ थर आणि बऱ्याचदा त्यात चकाकणारा ॲल्युमिनियमचा थर, असं सगळं एकमेकांना चिकटवलेलं असतं. ते वेगळं करता येत नाही, म्हणून भंगारवाला बाटली घेतो पण पुडी घेत नाही. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लॅस्टिकबंदी आली, १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या बऱ्याच वस्तूंवर बंदी आली, पण कंपनीतून भरून आलेल्या या पुड्या दुकानात लटकतच राहिल्या. मग त्या जातात कुठे? उकिरड्यावर, तिथून शेणखताबरोबर शेतात. नाहीतर चुलीत.

चुलीचं मला जरा सविस्तर बोलायचं आहे. पावसाळ्यात सरपण ओलं असतं, तेव्हा एक पिशवी पेटवून टाकली की चूल लगेच धरते. सकाळच्या घाईत हे किती सोयीचं वाटतं ते गावोगावच्या स्वयंपाकघरांत बघते मी. पण त्या धुरात विषारी वायू असतात, आणि चुलीपुढे वाकून फुंकर घालणारी बाई तो धूर सगळ्यात जवळून घेते. शेजारी तान्हं बाळ असलं तर तेही. वायरीचं वेष्टण, पाइपचे तुकडे, रेक्झिन हे जाळलं तर डायॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते शरीरात वर्षानुवर्षं साठून राहतं आणि त्यानं कर्करोगाचा धोका वाढतो. पेटवणाला तुराट्या, पऱ्हाट्या, वाळलेल्या करवंट्या उन्हाळ्यातच कोरड्या जागी रचून ठेवा.

चुलीची राख ही आपली जुनी कमाई आहे. भांडी घासायला ती चालते. चाळलेली, गार आणि कोरडी राख मूग-चवळीत मिसळून ठेवली तर कीड कमी लागते. परसबागेतही घालता येते, पण मूठभरच, कारण राखेत क्षार असतो आणि आपल्याकडच्या बऱ्याच काळ्या जमिनी मुळातच क्षाराकडे झुकलेल्या असतात. पण ज्या चुलीत प्लॅस्टिक जळलं त्या चुलीची राख यातल्या कशालाच वापरू नका. एका पुडीपायी ही फुकटची राखही वाया जाते.

उरलेली भाजी, साली पिशवीत बांधून फेकायची सवयही मोडायला हवी. गाय पिशवी सोडून साली खाऊ शकत नाही, ती पिशवीसकट गिळते. प्लॅस्टिक तिच्या कोटीपोटात अडकून साठत जातं, जनावर चारा सोडतं, दूध आटतं. गटाच्या कर्जातून घेतलेली गाय अशी गेली तर हप्ते कुणी फेडायचे? साली सुट्ट्याच ठेवा, गोठ्यात द्या किंवा खतखड्ड्यात टाका.

आता पुनर्वापर. कॉलेजात आम्हाला कमी वापर, पुनर्वापर आणि पुनर्चक्रीकरण हे शब्द याच क्रमानं शिकवले होते. पण मोबाईलवरचे व्हिडिओ बघून सगळ्यांची उडी मधल्यावरच! बाटलीची फुलदाणी, सीडीचं तोरण. आठ दिवस छान दिसतं, मग धूळ खात पडतं, आणि ते पुसायचं काम पुन्हा बाईकडेच. माझ्या मते एकच कसोटी लावावी : या वस्तूमुळे काही विकत आणायचं वाचलं का? जुन्या लुगड्यांची गोधडी या कसोटीला उतरते, ब्लँकेट वाचतं. जुन्या पँटची बाजाराची पिशवी उतरते. मोरीच्या पाण्यावरचं अळू आणि केळ उतरते. फुलदाणी उतरत नाही.

आणि काही वस्तूंचा पुनर्वापर करायचाच नाही. कीटकनाशकाचा डबा कितीही मजबूत असला, कितीही वेळा घासला तरी पाणी, तेल, धान्य यासाठी नको. तो तीनदा विसळायचा, विसळलेलं पाणी फवारणीच्या पंपातच ओतायचं आणि डब्याला भोकं पाडायची, म्हणजे दुसरं कुणी चुकून वापरणार नाही. हे काम शेतातच व्हावं, घरच्या मोरीत नको. दादांनाही हे वाचून दाखवा, फवारणी बहुतेक तेच करतात.

पुढच्या बैठकीसाठी एवढं करा. घरात आठ दिवसांत आलेल्या सगळ्या रिकाम्या पुड्या एका गोणीत साठवा आणि बैठकीला आणा. कुठल्या पुड्या किती आणि किती रुपयांच्या ते मोजून सचिवताई वहीत लिहितील. त्यातल्या कुठल्या दोन बंद करायच्या ते ज्या त्या गटानं ठरवावं. वाचणारी रक्कम बचतीत टाकायची की नाही, हेही गटच ठरवेल. ज्या गटांना तेल, साबण, चहापूड एकत्र घ्यायची आहे त्यांनी आधी दोन-तीन दुकानांतले भाव लिहून आणावेत. १५ किलोचा तेलाचा डबा सुट्या पिशव्यांपेक्षा खरंच स्वस्त पडतोय का ते बघूनच घ्या. डबा आणलात तर वाटपाच्या दिवशी प्रत्येकीनं घट्ट झाकणाची स्टीलची बरणी घरूनच आणावी, आणि माप एकच ठेवावं.