बाहुलीच्या मानेवरचा नंबर काय सांगतो?

मागच्या भागानंतर सोलापुरातल्याच एका श्रोत्या ताईंचा मेसेज आला. आजीच्या ट्रंकेत एक जुनी बाहुली सापडलीय. चैत्रगौरीच्या आरासीत मांडायचे म्हणे. मानेमागे ‘जर्मनी’, ‘ए. एम.’ आणि ३९० असं कोरलंय. ताईंचे प्रश्न दोन: ही जगातली ३९० वी बाहुली का? आणि साबणाने धुऊन ऑनलाइन विकायला टाकू का?

ताई, आधी साबण बाजूला ठेवा. मी दिवसा कोड लिहितो आणि रिकाम्या वेळात अशा बाहुल्यांच्या माना वाचतो. म्हणून सांगतो.

या बाहुलीचं डोकं बिस्कचं, म्हणजे झिलई न चढवलेल्या पोर्सिलिनचं असतं. चहाच्या कपासारखं चकाकत नाही, माणसाच्या कातडीसारखं मऊसर दिसतं. साच्यात ओतायचं, भट्टीत भाजायचं, गाल-ओठ रंगवायचे आणि कमी आचेवर पुन्हा भाजायचं. त्यामुळे शंभर वर्षांनीही गालावरची लाली तशीच राहते.

आता नंबर. ३९० हा सिरियल नंबर नाही, मॉडेल नंबर आहे. म्हणजे साच्याचा क्रमांक. ‘ए. एम.’ म्हणजे आर्मांड मार्सेय, जर्मनीतल्या थुरिंगिया भागातला कारखानदार. ३९० हा त्याचा सगळ्यात जास्त सापडणाऱ्या साच्यांपैकी एक, त्यामुळे ‘दुर्मिळ’ म्हणून कुणी भाव सांगितला तर सावध. ‘ए’ आणि ‘एम’ यांच्या मधला आकडा बहुतेक वेळा मापाचा असतो. १८९० च्या अमेरिकी आयात कायद्याने परदेशी मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. म्हणून ‘जर्मनी’ कोरलेली बाहुली साधारण त्या काळातली किंवा नंतरची धरतात.

पण खरी गंमत पुढे आहे. मानेवरचा शिक्का फक्त डोक्याबद्दल बोलतो! कॅमर आणि राइनहार्ट ही कंपनी वाल्टर्सहाउझेनची, पण तिच्या बाहुल्यांची डोकी बनवायची सायमन आणि हाल्बिग. काचेचे डोळे लाउशा गावचे. धड लाकडाचा भुसा आणि सरस यांच्या लगद्याचं, नाहीतर भुसा भरलेल्या चामड्याचं. आणि झोनेबर्गच्या आसपास शिवणं, भरणं, रंगवणं हे काम घराघरात चालायचं. अख्खं कुटुंब राबायचं, लहान मुलंसुद्धा. मजुरी नगावर.

सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडे बायका पान-तंबाखू घरी आणतात, विड्या वळतात, हजारावर मजुरी घेतात. बंडलावर नाव कारखान्याचं, हात घरातल्या बाईचे. बाहुलीचंही तसंच. त्या हातांचा पुरावा मानेवर नाही, तो कपड्याच्या टाक्यात आणि धडाच्या शिवणीत आहे. तो धुतला की गेला.

म्हणून आता नीट ऐका:

१. धडाला पाणी लावू नका. लगदा फुगतो, रंग सुटतो. चेहऱ्यावरची धूळ मऊ कोरड्या ब्रशने काढा.

२. केसांचा टोप आधीच सैल असेल तरच उचला आणि मोबाइलचा टॉर्च डोक्याच्या आत दाखवा. केसाएवढी चीर काळ्या रेघेसारखी दिसते. चीर असेल तर किंमत बरीच उतरते. टोप चिकटलेला असेल तर ओढू नका.

३. हात-पाय आतल्या इलॅस्टिकवर ताणलेले असतात. ते जुनं झालं की तुटतं आणि डोकं खाली पडतं. उचलताना डोक्याला आधार द्या.

४. नवे कपडे घालून जुने टाकू नका. बूट, मोजे, फाटकी लेससुद्धा ठेवा.

५. सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. पत्र्याखालच्या माळ्यावर नको, प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत नको. सुती कापडात गुंडाळून सावलीतल्या कपाटात ठेवा.

आणखी एक. जुन्या डोक्यावरून साचा काढून केलेल्या नकला बाजारात आहेत, कधी तोच नंबर कोरलेल्या. पोर्सिलिन भाजताना आकसतं, त्यामुळे नक्कल मूळ डोक्यापेक्षा थोडी लहान भरते. विकत घेणार असाल तर टेप घेऊन जा.

ताई, विकायचं की नाही ते तुम्ही ठरवा. त्याआधी मान, धड, शिवण आणि बूट यांचे फोटो काढा. आणि आजी असतील तर फोनचा रेकॉर्डर चालू करून विचारा: बाहुली कुणी आणली, कुठून आणली? मानेवर ते लिहिलेलं नाही.