तूप थेंबभरच घातलंय!

बडोद्यात 'मी मांस खात नाही' म्हटलं तर कुणी ढुंकूनही बघत नाही. 'मी दूध घेत नाही' म्हणून बघा, समोरचा खुर्ची ओढून बसतो. आधी विचारतो, 'कुठल्या डॉक्टरांनी सांगितलं?' मग, 'चहासुद्धा नाही?' आणि शेवटी आवाज खाली आणून, 'घरी कसं चालतं?' या तीन प्रश्नांना वैतागलेली माणसं मग एकमेकांना हुडकून काढतात आणि रविवारी डबे घेऊन कुणाच्या तरी गच्चीवर जमतात. व्हीगन पॉटलक म्हणतात त्याला. आपल्या भाषेत डबा पार्टी. थाट भिशीचाच, फक्त इथे चिठ्ठी पैशांची नसते, प्रत्येक डब्यावर आत काय काय घातलंय ते लिहून चिकटवायचं असतं.

अशा एका जेवणाला मी गेलो होतो. दांडियाबाजारातल्या एका आजींनी नातवाच्या आग्रहाखातर गूळपोळ्या केल्या होत्या. चिठ्ठीवर वळणदार अक्षरात कणीक, गूळ, तीळ, बेसन, तेल. नातवाने तरीही विचारलं, "आजी, तूप नाही ना?"

"नाही रे. भाजताना थेंबभरच."

डबा निमूटपणे टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकला. तिथे माझ्यासारखे कसलाच नेम नसलेले पाहुणे बसले होते. पाच मिनिटांत तळ दिसला.

आजींना हसू नका. खुद्द गांधीजींची कथा हीच आहे. 1912 मध्ये दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर त्यांनी दूध सोडलं. गाई-म्हशींचा शेवटचा थेंब पिळून काढायला केले जाणारे क्रूर प्रकार त्यांनी वाचले होते. पुढे अंथरुणाला खिळले, मुंबईत डॉक्टर म्हणाले दूध हवंच. तेव्हा कस्तुरबांनी वाट काढली: शेळीचं दूध घ्या की! नेम करताना डोळ्यांपुढे गाय आणि म्हैसच होती, शेळी नव्हती. गांधीजींनी ते ऐकलं खरं, पण शब्द पाळला आणि आशय मोडला ही बोच त्यांनी आत्मकथेत लपवलेली नाही.

डबा पार्ट्यांचे मूळपुरुषही एका अर्थाने तेच. लंडनमध्ये कायदा शिकत असताना, विशीत, त्यांनी बेजवॉटर भागात शाकाहारी मंडळ काढलं. अध्यक्ष डॉक्टर ओल्डफील्ड, उपाध्यक्ष सर एडविन अर्नोल्ड, आणि चिटणीस अर्थातच स्वतः मोहनदास. त्याआधी पोटभर जेवायला म्हणून ते मैलोन्‌मैल पायपीट करत. शेवटी फॅरिंग्डन स्ट्रीटवर एक शाकाहारी खाणावळ सापडली. तिथेच त्यांनी एक शिलिंग मोजून हेन्री सॉल्टचं शाकाहारावरचं पुस्तक घेतलं. याच सॉल्टने 1892 मध्ये प्राण्यांच्या हक्कांवरही पुस्तक लिहिलं.

'व्हीगन' हा शब्दसुद्धा एका छोट्या बैठकीचंच अपत्य. नोव्हेंबर 1944, लंडन, युद्ध चालू. डोनाल्ड वॉटसन आणि आणखी पाच जण जमले. अंडी-दूधही न घेणाऱ्या शाकाहाऱ्यांना म्हणायचं काय? 'डेअरीबॅन', 'व्हायटन', 'बेनिव्होर' अशी नावं पुढे आली. नशीब, ती मागेच पडली! अखेर 'व्हेजिटेरियन'ची पहिली तीन आणि शेवटची दोन इंग्रजी अक्षरं जोडून प्रश्न मिटला. म्हणून 1 नोव्हेंबर हा जागतिक व्हीगन दिन. आणि नोव्हेंबरच्याच 26 तारखेला आपल्याकडे राष्ट्रीय दूध दिन.

ती 26 तारीख कुणाची? अमूल घडवणाऱ्या डॉ. वर्गीस कुरियन यांच्या जन्माची. बडोद्याहून चाळीसेक किलोमीटरवर आणंद, तिथे 1946 पासून अमूलचं साम्राज्य. म्हणजे इथला व्हीगन हा नाशकात राहून द्राक्षं न खाणाऱ्यासारखा. गंमत पुढेच आहे. देशाला दूध पाजणारे कुरियन स्वतः दूध पीत नसत. 'मला ते आवडत नाही' असं सरळ सांगत.

अमूल आणि प्राणीमित्रांची जुगलबंदी जुनी नाही, पण झणझणीत आहे. सोया-बदामाच्या पेयांना दूध म्हणता येणार नाही अशी अमूलने जाहिरात केली. तीन संस्थांनी तक्रारी केल्या. जाहिरात मानक परिषदेने 2021 मध्ये त्या फेटाळल्या. त्याच वर्षी अन्नसुरक्षा नियामक एफएसएसएआयनेही वनस्पतिजन्य पेयांना दुधाचं नाव नको असं बजावलं. सवलत मिळाली ती नारळाच्या दुधाला. कोकणी माणसाने कॉलर ताठ करायला हरकत नाही: सोलकढी शंभर टक्के व्हीगन, आणि कायद्याने 'दूध'सुद्धा!

तक्रार करणाऱ्यांतली एक संस्था आपल्या पुण्यातली, 1974 पासूनची ब्युटी विदाउट क्रुएल्टी. मिठाईवरचा चांदीचा वर्ख बैलाच्या आतड्याच्या पापुद्र्यांत ठेवून कुटतात, ही गोष्ट तिने लोकांपुढे आणली. 2016 मध्ये नियमच झाला की वर्ख बनवताना प्राणिजन्य काही वापरायचं नाही. तोपर्यंत काजूकतली खाणाऱ्या किती कट्टर शाकाहाऱ्यांना हे ठाऊक होतं, देव जाणे.

बडोद्यात प्राण्यांच्या नावाने माणसं जमण्याची परंपरा मात्र फार जुनी, आणि भलतीच. गायकवाडी काळात इथल्या अग्गड नावाच्या आखाड्यात हत्तींच्या झुंजी लागत. 1875 मध्ये इंग्लंडचा युवराज आला तेव्हा त्यालाही हा तमाशा दाखवला. मस्तवाल हत्तीला भाल्यांनी डिवचायचा तो साठमार, आणि खेळ साठमारीचा. मराठी वर्तमानपत्रांत पक्षांची 'साठमारी' रोज वाचतो ना, ती या खेळावरून आली.

आता त्याच गावातले तरुण विश्वामित्री नदीतल्या मगरी सोडवायला धावतात. ऑगस्ट 2024 च्या पुरात तीन दिवसांत वस्त्यांमधून 24 मगरी पकडून सुखरूप हलवल्या. उत्तरायणात मांज्याने कापलेल्या पाखरांसाठी जानेवारीत करुणा अभियान असतं, तेव्हा यातलीच काही मंडळी पट्ट्या आणि खोकी घेऊन सज्ज.

आणि ताटात काय? इथे बडोदं जिंकतं. वाटाण्याची झणझणीत सेव उसळ, गोडसर लीलो चेवडो, तेलात केलेला उंधियू: सगळं जन्मजात व्हीगन, कुणाला न विचारता. खमणाला तेवढं विचारून घ्या, ताक असू शकतं. अडतं ते दह्यापाशी. त्यावर उपाय शेंगदाण्याचा. दाणे रात्रभर भिजवायचे, सालं काढून वाटायचे, गाळायचे, उकळून कोमट करायचे आणि विरजणाऐवजी हिरव्या मिरच्यांचे देठ टाकायचे. होय, देठ. त्यांच्यावरचे जिवाणू काम करतात, आठ-दहा तासांत घट्ट कवडी लागते.

त्या रविवारी त्याच दह्याचा मठ्ठा होता, आलं-कोथिंबीर लावलेला. आजींनी वाटी तोंडाला लावली, डोळे मिटले, आणखी एक घोट घेतला. सगळे थांबले.

"छान झालाय," त्या म्हणाल्या. "नुसती वरून तूप-जिऱ्याची फोडणी हवी होती."