ऊब कोणत्या भिंतीशी असते?

डिसेंबरातली दुपार छत्रपती संभाजीनगरच्या मुकुंदवाडीत साध्या सुती सदऱ्यावर निभते. जालना रोडवर ऊन चांगलेच टोचते, पारा २८ अंशांच्या आसपास असतो. सहाच्या सुमाराला दिवस मावळतो आणि रात्र थोडी चढली की त्याच भागात रस्त्याकडेला शेकोट्या दिसू लागतात. ‘मराठवाड्यात कुठली आलीय थंडी’ हे वाक्य म्हणणाऱ्याने बहुधा फक्त दुपारच पाहिलेली असते. शेजारच्या चिकलठाण्याला हवामान वेधशाळा आहे. तिथे डिसेंबर-जानेवारीतले किमान तापमान सरासरी १२ अंशांच्या जवळपास असते, उत्तरेकडून थंड लाट आली की ते १० अंशांच्याही खाली उतरते.

दिवस-रात्रीत पंधरा-सोळा अंशांचा फरक पडण्याचे कारण समुद्रापासूनचे अंतर आणि कोरडी हवा. शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे. हिवाळ्यात आभाळ निरभ्र असते, हवेत बाष्प कमी असते. त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन, गच्ची आणि पत्रे अंधार पडताच आपली उष्णता उघड्या आकाशाकडे सोडून देतात. मुंबईत दमट हवा आणि समुद्र ही घसरण रोखून धरतात. इथे तिला अडवणारे काही नाही.

ही गोष्ट लक्षात घेतली की घरात संध्याकाळी बसायला उबदार कोपरा कसा करावा, याचे उत्तर बदलते. सध्या फोनवर अशा कोपऱ्यांची जी चित्रे फिरतात ती बहुतेक डेन्मार्क-नॉर्वेकडच्या घरांची असतात: लोकरी गालिचे, केसाळ पांघरुणे, मेणबत्त्या, शेकोटीची भिंत. कोपनहेगनमध्ये डिसेंबरात दुपारी पावणेचारच्या सुमारासच सूर्य मावळतो आणि दिवसाही पारा शून्याच्या थोडाच वर रेंगाळतो. तिथल्या घराला ऊब तयार करावी लागते. मुकुंदवाडीतल्या घराला ती दुपारी फुकट मिळते, रात्री दहापर्यंत ती टिकवायची एवढेच काम उरते. तेव्हा असा कोपरा म्हणजे खर्चाचे काम, त्यासाठी मोठी बैठकीची खोली हवी, हा समज इथे मुळातच लागू होत नाही. चिकलठाणा एमआयडीसीत पाळी करून येणाऱ्या कुटुंबाच्या दहा बाय दहाच्या खोलीतही असा कोपरा असतो. तो फक्त ओळखावा लागतो.

ओळखायची खूण सोपी आहे. रात्री आठला प्रत्येक भिंतीवर तळहात ठेवून पाहावा. दुपारनंतरचे ऊन अंगावर घेतलेली पश्चिमेची भिंत बाकीच्यांपेक्षा उबदार लागते. विटांच्या भिंतीतून उष्णता आत पोहोचायला वेळ लागतो: चार इंची भिंतीला तीन-चार तास, नऊ इंची भिंतीला सात-आठ. उन्हाळ्यात जी भिंत झोपू देत नाही, तीच डिसेंबरात संध्याकाळची सोबत करते. पश्चिमेला शेजाऱ्याचे घर खेटून असेल, तर दोन घरांमधली सामाईक भिंत किंवा स्वयंपाकघराला लागून असलेली भिंत निवडावी. सामाईक भिंतीच्या पलीकडे उघडे आकाश नसते, त्यामुळे ती लवकर गार पडत नाही.

खोलीतली हवा गरम झाली की माणसाला ऊब वाटते, हा समज म्हणूनच अर्धाच खरा. शरीर सभोवतालच्या पृष्ठभागांकडेही सतत उष्णता टाकत असते. पाठीमागे उत्तरेची गार भिंत किंवा खिडकीची काच असेल, तर हवा ठीक असूनही पाठीत शिरशिरी येते. बाज किंवा दिवाण खिडकीखाली ठेवण्याची आपल्याकडची सवय उन्हाळ्यासाठी उत्तम आहे, पण हिवाळ्याच्या दोन महिन्यांपुरता तो तिथून हलवायला हवा.

दक्षिणेबद्दल तर बोललेच पाहिजे. दक्षिण दिशा अशुभ मानून त्या बाजूची खिडकी कायम लावून ठेवणारी, पुढे कपाट उभे करणारी घरे पुष्कळ आहेत. श्रद्धा ज्याची त्याच्यापाशी. सूर्याचा हिशेब मात्र स्पष्ट आहे. संभाजीनगर साधारण १९.९ उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरच्या सुमाराला मध्यान्हीचा सूर्य इथे दक्षिणेकडे क्षितिजापासून जेमतेम ४७ अंशांवर असतो. सात फुटी चौकटीच्या खिडकीवर छज्जा फारसा पुढे आलेला नसेल, तर ऊन फरशीवर साडेसहा फूट आत येते. मे-जूनमध्ये तोच सूर्य डोक्यावर असतो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीतून तेव्हा ऊन आत जवळजवळ येतच नाही. वर्षभरात हवे तेव्हाच ऊन देणारी अशी दुसरी खिडकी घरात नाही, आणि नेमकी तीच आपण बंद करतो.

खिडक्या दिवसभर बंद ठेवल्या की घर गरम राहते, हाही असाच उलटा प्रकार. सकाळी अकरा ते चार बाहेरची हवा घरातल्या हवेपेक्षा उबदार असते. तेव्हा खिडक्या सताड उघडाव्यात आणि पाचच्या सुमाराला लावून पडदे ओढावेत. डासांचीही तीच वेळ. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडकीत खालच्या पट्टीच्या फटीतून गार झोत येतो. तिथे जुन्या कापडाची वळकटी पुरते.

पत्र्याच्या घराचे दुखणे वेगळे. पत्रा पातळ, त्यामुळे तो काही साठवत नाही, आणि निरभ्र रात्री आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतो. मराठवाड्यातल्या जुन्या माळवदाच्या घरांत लाकडांवर पांढऱ्या मातीचा जाड थर असे, तो दिवसाची उष्णता धरून ठेवी. पत्र्याखाली बसण्याच्या जागेपुरता जाड सुती चादरीचा चांदवा बांधला, तर डोक्यावरचा गार पृष्ठभाग झाकला जातो आणि फरक लगेच जाणवतो. थर्माकोल लावू नये, तो फार लवकर पेटतो.

फरशी गार ‘असते’ असेही नाही. ती आणि शेजारची लाकडी पेटी एकाच तापमानाला असतात. फरशी तळव्यातली उष्णता झपाट्याने ओढून घेते, लाकूड तसे करत नाही. खाली सतरंजी, तिच्यावर घोंगडी घातली की काम झाले. पांघरूणही ऊब तयार करत नाही. शांत बसलेले मोठे माणूस साधारण शंभर वॉट उष्णता बाहेर टाकते, आणि कापडात अडकलेली हवा ती धरून ठेवते. गोधडीत जुन्या लुगड्यांचे थर धावदोऱ्याने शिवलेले असतात, थरांमध्ये हवा राहते. म्हणून एका जड ब्लँकेटपेक्षा दोन हलक्या गोधड्या अनेकदा सरस ठरतात. दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी टोचते खरी, पण ती दमट हवेतला ओलावा शोषूनही उबदार राहते. याच शहराच्या हिमरू शालीत सूत आणि रेशीम एकत्र विणतात, आणि नक्षीचे जास्तीचे धागे मागच्या बाजूला मोकळे सुटलेले असतात. खांद्यावर घ्यायला इथल्या हिवाळ्याला एवढे वस्त्र पुरेसे आहे, बाहेरून केसाळ पांघरूण मागवायची गरज नाही.

दिव्याबाबत एक छोटी गफलत दुकानात होते. खोक्यावरचा आकडा मोठा म्हणजे प्रकाश उबदार, असे वाटते. खरे उलट आहे: ६५०० केल्विनचा दिवा निळसर पांढरा, २७०० केल्विनचा पिवळसर. संध्याकाळी डोळ्यांना आणि पुढे झोपेला पिवळसरच बरा.

आता सर्वांत धोकादायक गैरसमज. ‘कोळसे फुलले, धूर थांबला, आता शेगडी खोलीत घ्यायला हरकत नाही.’ धूर थांबला तरी कार्बन मोनॉक्साइड थांबत नाही. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके जड होते, झोप येते, आणि माणसाला वाटते की ऊब लागली. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दमन या थंड ठिकाणी केरळचे आठ पर्यटक, त्यांत चार मुले, बंद खोलीत गॅसचा हीटर लावून झोपले आणि उठले नाहीत. शेगडी अंगणात किंवा गच्चीवरच हवी. दाराची फट ठेवली म्हणून ती खोलीत सुरक्षित होत नाही.

विजेचा हीटर प्राणवायू ‘खातो’ हे मात्र खरे नाही. तारेत ज्वलन होतच नाही. तो हवा तापवतो, त्यामुळे आधीच कोरडी हवा आणखी कोरडी वाटते, ओठ फुटतात. त्याचा खरा धोका भिंतीतल्या सॉकेटमध्ये आहे. २००० वॉटचा हीटर सुमारे पावणेनऊ अँपिअर ओढतो. घरातले लहान सॉकेट सहा अँपिअरचे असते, आणि स्वस्त एक्स्टेन्शन बोर्ड त्याहून कच्चा. १६ अँपिअरच्या सॉकेटलाच तो लावावा. तासाला दोन युनिट जळतात, हेही ध्यानात असावे.

हा कोपरा कोणाला द्यायचा, हे घरागणिक ठरेल. वयस्कर माणसांना गारठा उशिरा जाणवतो, पण बाधतो लवकर. त्यांचा हक्क पहिला. दहावी-बारावीची मुले संध्याकाळी तिथेच वही घेऊन बसली तर दोघांचीही सोय होते. फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात पश्चिमेची भिंत रात्री नकोशी होऊ लागते. तेव्हा गोधड्यांना एकदा कडक ऊन दाखवून त्या कडुनिंबाच्या पाल्यात घालाव्यात, आणि बाज परत उत्तरेच्या खिडकीखाली न्यावी.