आठ माणसांचे घर आणि एक गाडी

धानोऱ्यात चारचाकीची बोलणी बहुधा दोन निमित्तांनी निघतात. एक घरातले आजारपण, दुसरे घरातला निकाह. नंदुरबारच्या दवाखान्यात भागले नाही की डॉक्टर सुरतेचे नाव घेतात. सुरत म्हणजे एका बाजूने दीडशे किलोमीटरच्या पुढचा रस्ता. भाड्याची गाडी सांगायची, चालकाची वाट पाहायची, तपासणीला उशीर झाला की थांबण्याचे वेगळे पैसे मोजायचे. महिन्यातून दोनदा असे झाले की घरातला कोणीतरी म्हणतोच, "आपलीच गाडी घेऊन टाकू."

आमच्या घरात हे वाक्य धाकट्या भावाने उच्चारले आणि पाठोपाठ हायब्रिड गाडीचे चित्र मोबाइलवर दाखवले. लिटरला 27 किलोमीटर! अब्बांनी चष्मा लावून किंमत पाहिली आणि मोबाइल परत दिला. मग दोन-तीन आठवडे रात्रीच्या जेवणानंतर हाच विषय चालला. घरात आम्ही आठ माणसे. हातात साडेपाच लाख रुपये, आणि एक मामू दीड लाख बिनव्याजी द्यायला तयार. या काळात आम्ही जो हिशेब केला तो अनेक घरांना उपयोगी पडेल, म्हणून इथे मांडत आहोत.

आधी हायब्रिड म्हणजे काय ते पाहू. अशा गाडीत पेट्रोलचे इंजिन असते, सोबत बॅटरी आणि विजेची मोटरही असते. ब्रेक दाबला की एरवी वाया जाणारी शक्ती बॅटरीत साठते आणि पुन्हा निघताना मोटर तीच वापरते. टोयोटाने 1997 साली जपानमध्ये 'प्रियस' आणली तेव्हापासून ही पद्धत रस्त्यावर आहे. आपल्याकडे मारुतीची ग्रँड विटारा, टोयोटाची हायरायडर, होंडाची सिटी या गाड्या 2022 पासून अशा रूपात मिळतात. यांना 'स्ट्राँग हायब्रिड' म्हणतात, कारण त्या काही अंतर नुसत्या विजेवर जाऊ शकतात. इथे एक सावधगिरी हवी. 'स्मार्ट हायब्रिड' किंवा 'माइल्ड हायब्रिड' असे लिहिलेल्या गाड्यांत लहानशी मोटर इंजिनाला फक्त हातभार लावते. ती गाडी विजेवर चालत नाही आणि तिच्याकडून 27 ची अपेक्षा करू नये. मागच्या दारावरची पट्टी वाचून दर ठरवू नका.

खरी बचत कुठे होते हे त्या ब्रेकच्या गोष्टीतच आहे. जिथे दर मिनिटाला थांबावे लागते, तिथे हायब्रिडला सर्वांत जास्त फायदा. मुंबई, पुणे, सुरत शहरातल्या गर्दीत ती शोभते. आमचे धावणे मात्र गावाहून नंदुरबार, कधी शहादा, कधी नवापूरमार्गे सुरत. मोकळ्या रस्त्यावर एका चालीने. तिथे ब्रेकच कमी लागतो, म्हणून फायदाही कमी.

आता आकडे. आम्ही महिन्याला 600 किलोमीटर धरले, म्हणजे वर्षाला 7,200. साधी पेट्रोल गाडी प्रत्यक्षात लिटरला 15 आणि हायब्रिड 22 देते असे मानू. पहिलीला 480 लिटर लागतील, दुसरीला सुमारे 327. वाचले 153 लिटर. लिटर 105 रुपयांचे धरले तर वर्षाला सोळा हजार रुपये. आणि त्याच गाडीच्या साध्या व हायब्रिड रूपांतला फरक साधारण अडीच लाखांचा. तो भरून निघायला पंधरा वर्षांहून जास्त लागतील. कंपन्या हायब्रिड बॅटरीची हमी देतात ती 8 वर्षांची किंवा 1,60,000 किलोमीटरची. पंधराव्या वर्षी त्या बॅटरीचे काय झाले असेल, हे ज्याचे त्याने ठरवावे.

हाच हिशेब दर महिन्याला 3,000 किलोमीटर धावणाऱ्याचा करा. सुरतेला रोजचा माल पोहोचवणारा, सतत फिरतीवर असणारा माणूस वर्षाला ऐंशी हजार रुपये वाचवेल आणि तीन-सव्वातीन वर्षांत फरक वसूल करील. त्याने हायब्रिड जरूर घ्यावी. म्हणून कोणाचा सल्ला घेण्यापूर्वी आपले महिन्याचे किलोमीटर एका वहीत लिहून काढावेत. आम्ही लिहिले तेव्हा भावाचा आवाज जरा खाली आला.

पण आमच्यासाठी मोठा प्रश्न इंधनाचा नव्हताच. स्ट्राँग हायब्रिड साधारण सोळा लाखांच्या पुढे सुरू होते. आपल्याकडे सात लाख, मग बाकीचे कुठून? शोरूममध्ये याचे उत्तर तयार असते: हप्ता. दहा लाखांचे कर्ज, 9 टक्के दर, सात वर्षे. महिन्याला 16,100 रुपयांच्या आसपास हप्ता आणि एकूण व्याज साडेतीन लाख. सात वर्षांत हायब्रिड वाचवणार एक लाख बारा हजार, आणि व्याज खाणार त्याच्या तिप्पट. सूद हराम आहे हे आपल्याला माहीत असते, पण "आता सगळेच घेतात" या तीन शब्दांपुढे घरातली वडीलधारी माणसे गप्प बसतात. या वेळी आकड्यांनीही त्यांचीच बाजू घेतली. दादी एवढेच म्हणाल्या, "हप्त्याच्या गाडीत मी दवाखान्यात जाणार नाही." त्या बोलल्या आणि विषय संपला.

मामूंचे दीड लाख आम्ही कर्ज-ए-हसना म्हणून घेतले आणि दोन साक्षीदारांसमोर कागदावर लिहिले. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवायला कुरआनने सांगितले आहे. नात्यात लिहिणे अपमानाचे वाटते, पण न लिहिल्याने किती नाती गेली हे आपण पाहतोच. जाता जाता एक आठवण: गाडीसाठी साठवलेली रक्कम निसाबाइतकी होऊन वर्षभर पडून राहिली तर तिच्यावर जकात आहे. गाडी वापरात आल्यावर तिच्यावर नाही.

सात लाखांत काय येते? 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. पेट्रोल गाडी चार मीटरच्या आत आणि इंजिन 1200 सीसीपर्यंत, ही त्याची अट. याहून मोठ्या गाडीला 40 टक्के. चार-पाच माणसांच्या घराला वॅगनआरसारखी उंच छताची छोटी गाडी पुष्कळ झाली. गुडघे दुखणाऱ्यांना तिच्यात बसणे-उतरणे सोपे जाते. सीएनजीची घेतली तर किलोमीटरचा खर्च आणखी खाली येतो. मात्र आपल्या रोजच्या रस्त्यावर सीएनजी पंप कुठे आहे आणि तिथे रांग किती असते, हे आधी पाहावे. टाकी डिकीतली जागा खाते, हेही लक्षात ठेवावे. सुरतेला रुग्णासोबत जाताना गादी, पाण्याचा कॅन, जेवणाचे डबे असतात. ते कुठे ठेवणार?

आठ जणांसाठी सात आसनी गाडीच हवी होती. रेनॉची ट्रायबर चार मीटरच्या आत सात जागा देते, ही तिची कमाल. पण सातही जागा उघडल्यावर डिकी 84 लिटरची, म्हणजे दोन लहान पिशव्यांची. इंजिन एक लिटरचे, 72 अश्वशक्तीचे. सात माणसे आणि एसी घेऊन तोरणमाळचा घाट चढताना त्याची दमछाक होते. सपाट रस्त्यावर चालणाऱ्या घराला ती योग्य आहे. आम्ही वापरलेली अर्टिगा पाहायचे ठरवले.

वापरलेली गाडी म्हटली की आमच्या भागातले लोक सुरतेकडे वळतात. तिथे गाड्या भरपूर आणि गुजरातेत रस्ता कर कमी, म्हणून भावही बरा दिसतो. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेताना दात पाहतात, चाल पाहतात, पाठीवर बसून पाहतात. आणि सहा लाखांची गाडी मात्र मोबाइलवरच्या फोटोवर ठरवतात! गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. सुरत हे तापीकाठचे शहर. 2006 च्या पुरात तिथे घरेच्या घरे पाण्याखाली होती आणि आजही जोराच्या पावसात सखल भागांत पाणी भरते. म्हणून पायपुसणी उचलून खालचा पत्रा पाहावा, सीटच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज आहे का, पट्टा पूर्ण ओढल्यावर टोकाला चिखलाची रेघ दिसते का, हे तपासावे. सीएनजी असेल तर टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी व्हावी लागते, तिची तारीख पाहावी. ओळखीच्या मिस्त्रीला सोबत नेऊन त्याची मजुरी आनंदाने द्यावी.

मग सगळ्या घराला घेऊन बसून पाहावे. आम्ही दादींना मधल्या रांगेत बसवले, मुलांना मागे. मागच्या रांगेत एसीची हवा पोहोचते का, हे चाळिशीपारच्या उन्हात कळते. पट्टे किती जागांना आहेत, तेही मोजावे. सायरस मिस्त्री 4 सप्टेंबर 2022 ला पालघर जिल्ह्यात अपघातात गेले. ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. आम्ही आठ आणि जागा सात. म्हणून कोणीतरी एक जण घरी राहील किंवा एसटीने जाईल असे ठरले. मांडीवर मूल घेऊन बसायचे नाही, हेही ठरले. यावर अम्मी अजून कुरकुरतात.

गुजरातची गाडी महाराष्ट्रात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथे नव्याने नोंदवावी लागते, एमएच-39 क्रमांक घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. हा कर भावात मिळवला की सुरतेची स्वस्ताई बरीच उतरते. मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म 28, हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. एमपरिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक टाकून बँकेचा बोजा व थकलेली चलने पाहावीत. आणि विमा आपल्या नावावर चढवायला खरेदीपासून 14 दिवस असतात, ते मोजून ठेवावेत.