आधी ब्रेक, मग पॅडल

सकाळी सात. मे महिन्याची सुट्टी लागली आणि दहा वर्षांची भाची माझ्याकडे आली. नारायण पेठेतलं सायकलचं दुकान उघडायच्या आत तिला शिकवायचं, कारण आठनंतर बोळातूनही दुचाक्यांची रीघ लागते. शाळेच्या पटांगणात पोचल्यावर आधी दोन्ही पॅडलं काढली. उजवं नेहमीसारखं सुटतं, डाव्याचे आटे उलटे. पंधरा नंबरचा पाना तिनंच फिरवला. सीट इतकी खाली घेतली की दोन्ही तळवे जमिनीला टेकावेत. आता पायांनी ढकलत नुसता तोल सावरायचा. 1817 साली, इकडे खडकीची लढाई झाली त्याच वर्षी, जर्मनीत कार्ल ड्राइसनं आपली दुचाकी अशीच पायांनी ढकलत चालवली होती.

साडेसात. थांबणं. उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा. उतारावर तो एकटाच करकचून दाबला, तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. दोन्ही ब्रेक एकत्र, हळू दाबायचे. खडूनं रेघ ओढली आणि ती त्या रेघेवर वीसेक वेळा थांबली. नीट थांबता येईपर्यंत मुलाला पॅडल देऊ नये, यावर मी ठाम आहे.

साडेनऊ. दुकान. गिऱ्हाइकाच्या कामाला तिला हात लावू देत नाही; तिची सायकल मात्र तिनंच बघायची. केस बांधले, ओढणी काढून खुंटीला लावली, सायकल उलटी केली. माझ्या उजव्या तर्जनीचं नख वाकडं आहे. आठवीत असताना फिरती चेन पुसायला गेलो, तेव्हा बोट चेनव्हीलमध्ये सापडलं. ते तिच्यासमोर धरलं. ती बराच वेळ बघत राहिली.

"दुखलं होतं का, मामा?"

"खूप."

मग पद्धत सांगितली. चाक पूर्ण थांबलं की चेनचा समोरचा भाग फडक्यानं पुसायचा, हात बाहेर घ्यायचा, क्रँक थोडा फिरवायचा, पुन्हा थांबायचं. वेळ लागतो, लागू द्यावा. प्रत्येक कडीवर ऑइलचा एक थेंब, आणि वरचं पुसून टाकायचं. जास्तीच्या ऑइलला धूळ चिकटते. रिमवर तर एक थेंबही नको, ब्रेकरबर घसरतं.

दुपारी गिऱ्हाइकं. ती घरी जेवून झोपली.

चार. पंक्चर. घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब दाबल्यावर बुडबुडे दिसले, ती टाळ्या वाजवायला लागली. पण काटा टायरमध्येच असतो. तो बोटानं चाचपायचा नाही. सुती चिंधी आतून फिरवायची, अडकेल तिथे बाभळीचा काटा. पॉलिशपेपर, सोल्यूशन, चकाकी जाईपर्यंत थांबणं, मग ठिगळ. बेलफास्टच्या डनलॉपनं 1888 साली हवेचं टायर आपल्या मुलाच्या तिचाकीसाठीच बनवलं, हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आधी लहान मुलांनाच मिळालं!"

सात. शटर ओढायची वेळ. उद्या पॅडलं लावायची आहेत. तिनं न सांगता टायर अंगठ्यानं दाबलं, चेन हलवून बघितली, ब्रेक ओढला. मागचा सैल होता.

"तू सायकल धर मामा, मी आवळते."