सत्तरीनंतर प्रकाशोपचार

सोरायसिस, इसब, किडनीच्या आजारातली न थांबणारी खाज. यांवर प्रकाशोपचार द्यायचा तर त्वचारोगतज्ज्ञ आज बहुधा ‘नॅरोबँड यूव्हीबी’ सुचवतात. म्हणजे अतिनील किरणांतला ३११ नॅनोमीटरच्या आसपासचा चिंचोळा पट्टा. आठवड्यातून दोन-तीनदा, सुरुवातीला थोडाच वेळ, मग बेताबेताने वाढवत. साधारण २० ते ३० सिटिंग्ज लागतात. वयस्कर रुग्णांची मोठी सोय अशी, की आधीच भरलेल्या डबीत आणखी एक गोळी पडत नाही.

खरी अडचण असते ती उभं राहण्याची. चारी बाजूंनी ट्यूब लावलेल्या कपाटाएवढ्या कक्षात, कपडे उतरवून, काळा गॉगल लावून तोल सांभाळायचा. गुडघे कुरकुरत असतील तर आत धरायला दांडी आहे का, हे आधीच विचारावं. आणि इतक्या वेळा दवाखान्यात नेणार कोण, हेही घरात ठरवून टाकावं. बरेच उपचार तिथेच अडतात.

रक्तदाबावरचं हायड्रोक्लोरोथायझाइड, डॉक्सिसायक्लिनसारखी अँटिबायोटिक यांनी त्वचा प्रकाशाला हळवी होते. तेव्हा औषधांची पिशवीच डॉक्टरांपुढे ठेवलेली बरी. पूर्वी त्वचेचा कर्करोग झाला असेल तर तेही सांगावं. गच्चीवरचं कोवळं ऊन या उपचाराला पर्याय नाही, कारण त्यात किरणांची मात्रा मोजता येत नाही.